लेक कोमोच्या काठचे ग्रिन्या डोंगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्यातले जुने ट्रेकवाले, त्यांचे भाऊ, भावाचे मित्र, मिलानला एमएस करायला आलेली पोरं, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच, आणि दरवेळी तेच व्हॉइस मेसेज पाठवून माझा घसा बसतो. म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी इटलीत लेक्कोजवळ राहतो, ह्या डोंगरांत सात वर्षं फिरतोय, गाइड वगैरे नाहीये. जे स्वतः केलंय किंवा जवळून बघितलंय तेवढंच लिहितोय.

ग्रिन्या म्हणजे नक्की कुठे? लेक कोमो तर हनिमूनची जागा ना?

हो, तेच लेक. नकाशात ते उलट्या वाय अक्षरासारखं दिसतं. पश्चिमेकडच्या पायाच्या टोकाला कोमो शहर, तिकडे व्हिला आणि सिनेमावाले. पूर्वेकडच्या पायाच्या टोकाला लेक्को, आणि लेक्को म्हणजे लोखंडाचं आणि डोंगरवाल्यांचं गाव. ह्या पूर्वेच्या काठावर पाण्यातून उठल्यासारखा जो पांढरट डोंगर दिसतो ती ग्रिन्या. तिची दोन शिखरं आहेत, दक्षिणेचं ग्रिन्येत्ता म्हणजे छोटी ग्रिन्या, साधारण २१८० मीटर, आणि उत्तरेचं ग्रिन्योने म्हणजे मोठी, २४१० मीटर. लेकचं पाणी समुद्रसपाटीपासून फक्त १९८ मीटरवर आहे, आणि लेक ४०० मीटरपेक्षा खोल आहे, म्हणजे तळ चक्क समुद्रसपाटीच्या खाली जातो. लिओनार्दो दा व्हिंचीनेसुद्धा आपल्या वहीत ह्या डोंगराची नोंद केलीये, ह्या भागातला सगळ्यात उंच आणि टकला डोंगर म्हणून. टकला हे अगदी बरोबर आहे, वर झाड नाही, सावली नाही.

२१८० मीटर? आम्ही हिमालयात ५००० केलंय. ह्याला माउंटेनियरिंग कशाला म्हणायचं?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी थोडा चिडतो, तर आधी हेच सांगतो. इथे उंचीचा आकडा बघून काही ठरवू नका. हिमालयातल्या ५००० मीटरच्या ट्रेकला बऱ्याचदा खेचरं जातात तसली वाट असते, त्रास होतो तो विरळ हवेचा. इथे हवेचा काही त्रास नाही, इथे पाय कुठे ठेवताय तो प्रश्न आहे. ग्रिन्येत्ताच्या सोप्या वाटेवरूनसुद्धा माणसं पडून मेलेली आहेत, आणि दर सीझनला हेलिकॉप्टर फिरताना दिसतं. कारण साधं आहे, मिलानहून तासाभरात पोचता येतं म्हणून लोक बागेत फिरायला आल्यासारखे येतात, स्पोर्ट शूज घालून, अर्धा लिटरची बाटली घेऊन.

आणि दुसरं म्हणजे ह्याच टेकडीवर इटलीतले अर्धे मोठे क्लाइंबर तयार झालेत, बोनात्ती पण इथेच शिकला. त्याबद्दल खाली येतोच.

सह्याद्रीत दहा वर्षं फिरलोय, हरिहर, कलावंतीण, ढाक बहिरी सगळं झालंय. जमेल का?

जमेल, पण काही गोष्टी नव्याने शिकायला लागतील.

जे कामाला येतं ते आधी सांगतो. एक्स्पोजरची, म्हणजे पायाखाली थेट दरी दिसण्याची सवय. कलावंतीणच्या पायऱ्यांवर किंवा ढाकच्या कातळावर ज्याचे पाय लटपटले नाहीत त्याला इथल्या साखळ्यांच्या टप्प्यांवर भीती वाटणार नाही. घसाऱ्यावरून उतरायची आपली जी सवय असते ना, टाच रोवत, तीही इथे सोन्यासारखी उपयोगी पडते, मिलानची पोरं तिथेच बसकण मारून उतरतात.

आता जे कामाला येत नाही ते. आपला बसाल्ट वेगळा आणि हा चुनखडीचा, डोलोमाइटचा दगड वेगळा. कोरडा असताना तो हाताला मस्त खरखरीत लागतो, पण ज्या वाटांवरून हजारो लोक गेलेत तिथे तो संगमरवरासारखा गुळगुळीत झालाय आणि ओला झाला की साबण. दुसरं, सुटे दगड. वर माणसं असली की खाली दगड येतोच, इथे लोक ‘सास्सो!’ म्हणून ओरडतात, म्हणजे दगड. हा शब्द ऐकला की वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं आणि डोकं खाली. आणि तिसरं म्हणजे बर्फ, जो आपल्याकडे नसतोच, आणि जो इथे मे महिन्यातसुद्धा सावलीतल्या घळीत दबा धरून बसलेला असतो.

मिलानहून कसं जायचं?

मिलानो चेंत्राले स्टेशनवरून तिरानोला जाणारी रीजनल ट्रेन पकडायची, लेक्कोला चाळीसेक मिनिटांत उतरवते. तिकीट पाच युरोच्या आसपास. गारिबाल्दी स्टेशनवरून लोकल पण आहे, ती जरा जास्त वेळ घेते. लेक्कोवरून पियानी रेझिनेल्लीला बस जाते, रेझिनेल्ली म्हणजे साधारण १२८० मीटरवरचं पठार, ग्रिन्येत्ताच्या बहुतेक वाटा तिथूनच सुटतात. आपल्याकडच्या भाषेत पायथ्याचं गाव. बस फार नाहीत, शेवटची बस किती वाजता आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा, नाहीतर बाल्लाबियोपर्यंत डांबरी रस्त्याने वळणं मोजत उतरायला लागतं. मी मोजलीयेत. गाडी असेल तर रविवारी आठच्या आत पोचा, नंतर पार्किंगला जागा मिळत नाही.

पहिल्यांदाच जातोय, कुठली वाट धरू?

चेर्मेनाती धार, इटालियनमध्ये क्रेस्ता चेर्मेनाती. रेझिनेल्लीवरून निघायचं, जंगलातून थोडं चालायचं आणि मग दक्षिणेकडची जी सोंड सरळ वर जाते ती धरायची ती थेट माथ्यापर्यंत. ९०० मीटर चढ, म्हणजे कळसूबाई बारी गावातून चढतो साधारण तेवढा, फक्त इथे शिड्या नाहीत आणि वाट जास्त उभी आहे. दोन ते अडीच तास. वरच्या भागात हात लावायला लागतील असे कातळटप्पे आहेत, शेवटी थोड्या साखळ्या. ऊन सगळं अंगावर येतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सहा-साडेसहाला निघालं तरच मजा.

माथ्यावर एक क्रॉस आहे आणि एक पत्र्याची विचित्र गोष्ट आहे जी बघून सगळ्यांना चंद्रावर उतरलेल्या यानाची आठवण होते. ती बिव्हॅक फेरारियो, अडचणीत सापडलेल्यांसाठीचा आसरा. आत बाक, बाकी काही नाही. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला मोन्ते रोझा, उत्तरेला बेर्निना, दक्षिणेला सगळं मिलानचं मैदान आणि पायाखाली लेक. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ढग होते, फक्त माझे बूट दिसले.

सिनिगाल्या धार काय आहे? ती सोपी की अवघड?

चेर्मेनातीपेक्षा एक पायरी वर. पूर्वेकडून फिरून येते, साखळ्या जास्त, चढउतार जास्त, आणि मध्ये ‘साल्तीनो देल गात्तो’ नावाचा टप्पा आहे, म्हणजे मांजराची उडी. नाव गोड आहे, मांजरासारखं अंग आखडून जायला लागतं एवढंच. बरेच लोक सिनिगाल्याने चढतात आणि चेर्मेनातीने उतरतात, मलाही तोच क्रम आवडतो, साखळ्यांचे टप्पे चढताना केलेले बरे.

आणि दिरेत्तिस्सिमा? नावावरून तर सरळ वर जाणारी वाटते.

नाव फसवं आहे. ती माथ्याला सरळ जात नाही, ती रेझिनेल्लीकडून रोसाल्बा रिफ्यूजिओकडे (रिफ्यूजिओ म्हणजे डोंगरातलं राहण्या-जेवणाचं घर) डोंगराच्या कुशीतून आडवी जाते, आणि माझ्या मते ग्रिन्यातली सगळ्यात सुंदर वाट हीच आहे. सुळक्यांच्या जंगलातून जाते. एकाचं नाव फुंगो म्हणजे अळंबी, एक लांचा म्हणजे भाला, एक सिगारो म्हणजे सिगार, एक कांपानिलेत्तो म्हणजे छोटा घंटामनोरा. आपल्याकडे नवरा-नवरीचे सुळके असतात, ह्यांनी स्वयंपाकघर आणि पानटपरी वसवलीये.

मध्ये कामिनेत्तो पागानी नावाची चिमणी, म्हणजे कातळातली अरुंद उभी फट आहे, लोखंडी शिड्या लावलेली. अशा कातळावर तारा-शिड्या ठोकलेल्या वाटेला फेराता म्हणतात. तिथे हार्नेस आणि फेराताचा किट घालाच, म्हणजे दोन कॅराबिनर (अडकवायच्या उघडमीट कड्या) आणि झटका खाणारा पट्टा असलेला लॅनयार्ड. कोणी बिनधास्त तसंच जाताना दिसेल, त्याच्याशी स्पर्धा करू नका. रोसाल्बाला पोचलात की थांबा, १७३० मीटरवर आहे, समोर लेक असं पसरलेलं असतं की जेवण थंड होतं.

सेगांतिनी धार करायचीये. किती अवघड?

ही आता ट्रेक नाही, ही क्लाइंबिंग. कोल्ले व्हाल्सेक्की नावाच्या खिंडीतून सुरू होते आणि धारेवरून थेट ग्रिन्येत्ताच्या माथ्यावर निघते. अवघडपणा तीन आणि चार नंबरचा, मध्ये उतरायचे टप्पे, एखादं रॅपल म्हणजे रोपवरून उतरणं. रोप, हेल्मेट, स्लिंग, आणि मुख्य म्हणजे ज्याला रोप सांभाळत भरभर हलता येतं असा जोडीदार.

चार नंबर ऐकून जिममध्ये सहा-सात नंबर करणारी पोरं हसतात. पण इथे बोल्ट दर दोन मीटरवर नाहीत, वाट स्वतः शोधायला लागते, चुकीच्या बाजूने सुळक्याला वळसा घातला की सुट्या दगडांच्या घळीत अडकतो, आणि मागून तीन रोप येत असतात. लिंगाण्यावर लीड केलेल्या माणसाला ही धार नक्की जमेल, आणि आवडेल. ज्याने लिंगाणा दुसऱ्याच्या रोपवर केलाय त्याने इथेही दुसऱ्याच्या रोपवरच जावं.

पाट्यांवर ई, ईई, ईईए असं लिहिलेलं असतं ते काय?

टी म्हणजे फिरायची वाट, ई म्हणजे साधा ट्रेक, ईई म्हणजे अनुभवी लोकांसाठी, ईईए म्हणजे अनुभव अधिक साधनं, थोडक्यात फेराता. चेर्मेनाती ईई आहे. ईई वाचून ‘हॅ, ट्रेकच आहे’ असं म्हणू नका, ईई मध्ये घसरलात तर थांबायची गॅरंटी नसते. ह्याच्यापुढे अल्पिनिझमचे ग्रेड सुरू होतात, एफ, पीडी, एडी असे, आणि कातळाला रोमन आकडे. सेगांतिनी एडीमध्ये मोडते.

ग्रिन्योने, म्हणजे मोठी, ती कशी करायची?

मोठी उंच आहे पण स्वभावाने शांत. दोन मुख्य बाजू.

उत्तरेकडून: एसिनो लारियो गावाच्या वर काइनाल्लो, तिथून पुढे साधारण १४३० मीटरवर गाडी लावायची, मग बोगानी रिफ्यूजिओ, १८१६ मीटर, आणि तिथून चुनखडीच्या पांढऱ्या वाळवंटातून माथा. हजार मीटर चढ, तीन-साडेतीन तास. (एसिनो लारियो म्हणजे तेच चिमुकलं गाव जिथे २०१६ साली विकिमेनिया भरलं होतं, जगभरचे विकिपीडियावाले ह्या डोंगरातल्या गावात कसे मावले देव जाणे.)

पूर्वेकडून: पास्तूरो गावातून, पियालेराल मार्गे. इथे चढ सतराशे मीटरच्या वर आहे. वाटेत फाटा फुटतो, एक उन्हाळी वाट आणि एक ‘इन्व्हेर्नाले’ म्हणजे हिवाळी वाट, जी सोंडेवरून सरळ नाकासमोर जाते. गुडघे चांगले असतील तर हिवाळीने चढा, उतरताना मात्र गुडघ्यांना विचारून घ्या.

माथ्याला लागूनच ब्रिओस्की रिफ्यूजिओ आहे, २४०३ मीटरवर, म्हणजे शिखरावर जाऊन मिनेस्त्रोने खाता येतं. जमलं तर एक रात्र तिथे काढा. सूर्य मोन्ते रोझाच्या बाजूला उतरतो, खाली लेक आधी तांबडं होतं मग काळं, आणि मिलानचे दिवे लागतात.

दोन्ही शिखरं एका दिवसात होतात का?

होतात. ह्याला त्राव्हेर्साता आल्ता म्हणतात. ग्रिन्येत्तावरून उत्तरेकडे साखळ्या धरून उतरायचं, बोक्केत्ता देल जार्दिनो आणि बूको दी ग्रिन्या ह्या खिंडी ओलांडायच्या आणि परत ग्रिन्योनेवर चढायचं. रेझिनेल्ली ते ब्रिओस्की सहा-सात तास धरा, आणि उतरायचं दुसऱ्या बाजूला असल्याने गाडी कुठे लावलीये ह्याचा आधी विचार करा. आम्ही एकदा केला नव्हता. पास्तूरोत उतरलो, गाडी रेझिनेल्लीला, आणि एका आजोबांनी त्यांच्या जुन्या फियाटमधून सोडलं, सगळा रस्ता ते कोण कधी कुठे पडला ह्याचीच गोष्ट सांगत होते.

वर पाणी मिळतं का?

नाही. हे नीट वाचा कारण सह्याद्रीवाला इथेच फसतो. आपल्याला सवय असते की गड आहे म्हणजे टाकं असणार, बसाल्ट पाणी धरून ठेवतो, कोणीतरी आठशे-हजार वर्षांपूर्वी खोदून ठेवलेलं असतं, चार महिने पाऊस पडला की मार्चपर्यंत चिंता नाही. इथला डोंगर चुनखडीचा आहे, आणि चुनखडी पाण्यात विरघळते. पाऊस पडतो, बर्फ वितळतं, आणि सगळं भेगांमधून सरळ आत जातं. ग्रिन्योनेच्या उत्तरेला मोंकोदेनो म्हणून भाग आहे, तिथे हजार मीटरपेक्षा खोल गुहा सापडल्यात, वरून टाकलेलं पाणी डोंगराच्या पोटात कुठे जातं ते शोधायला लोक रोपवरून आठवडाभर खाली राहतात. तिथेच एक बर्फाची गुहा पण आहे, भर उन्हाळ्यात आत बर्फ असतो.

ह्याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच की नाला नाही, झरा नाही. चेर्मेनातीला उन्हाळ्यात माणशी दोन लिटर, मोठ्या ट्रॅव्हर्सला तीन. रिफ्यूजिओत बाटली विकत मिळते, महाग वाटेल, पण ते पाणी तिथवर आणायला किती खटपट पडते ते बघता मला कधी महाग वाटली नाही.

कुठला सीझन चांगला?

जून मध्य ते ऑक्टोबर मध्य. माझा आवडता सप्टेंबरचा शेवट, हवा स्वच्छ, वादळं कमी, आणि जंगल पिवळं पडायला सुरवात झालेली.

हिवाळ्यात हे वेगळेच डोंगर होतात. कानालोने पोर्तासारख्या घळी बर्फाने भरतात आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे), आइस अॅक्सवाले लोक त्यातून चढतात, ग्रिन्योनेवर स्की घेऊन जातात. ज्याला ह्या दोन वस्तू वापरता येतात, नुसत्या बॅगेला अडकवता येतात असं नाही, त्यानेच जावं, आणि जायच्या आधी हिमस्खलनाचं बुलेटिन बघावं, एक ते पाच असा धोक्याचा आकडा असतो.

माझीच गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी, एप्रिलचा पहिला आठवडा, खाली लेक्कोत लोक टीशर्टमध्ये आइस्क्रीम खात होते. मी चेर्मेनातीला निघालो, साधे ट्रेकिंग बूट. १९०० मीटरच्या वर वाटेवर रात्रीचं गोठलेलं बर्फ, काचेसारखं, आणि मी ते जाणवेपर्यंत चार पावलं त्याच्यावर चढून गेलेलो. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. शेवटी बसून, हातातल्या दगडाने खाचा पाडत, ती चार पावलं उतरायला मला वीस मिनिटं लागली. खालून येणाऱ्या एका बाईंनी शांतपणे पिशवीतून क्रॅम्पॉन काढले, बांधले, माझ्याकडे बघितलं, ‘एह,’ एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. त्या ‘एह’ मध्ये सगळं होतं.

हवामानाचं कसं?

लेकमुळे गंमत आहे. लेकवर दोन वारे आहेत, सकाळी उत्तरेकडून तिव्हानो आणि दुपारी दक्षिणेकडून ब्रेव्हा. ब्रेव्हा सुरू झाला की शिडाच्या बोटीवाले खुश होतात, पण तीच दमट हवा डोंगराला धडकून वर सरकते आणि दुपारी एक-दोनला सुळक्यांमध्ये ढग भरतात. सकाळी स्फटिकासारखं आकाश, दुपारी चार हात पुढचं दिसत नाही, हे इथे रोजचं आहे.

उन्हाळ्यात दुपारनंतर वीज. आणि विचार करा, तुम्ही कुठे असता, उघड्या धारेवर, हातात लोखंडी साखळी. म्हणून नियम एकच, दुपारी बाराच्या आत माथा सोडायचा. अंदाजासाठी आर्पा लोंबार्दियाची साइट बघा, मोबाइलमधलं सूर्य-ढगाचं चित्र डोंगरासाठी नसतं.

रिफ्यूजिओत राहायचं तर काय लागतं? आणि शाकाहारी जेवण?

फोन करून बुकिंग, शनिवार असेल तर बरंच आधी. स्वतःचा चादरीचा लायनर न्यायचा. बूट बाहेर काढायचे, आतल्या चपला तिथेच असतात. कॅश ठेवा. इटालियन अल्पाइन क्लबचं, म्हणजे १८६३ साली सुरू झालेल्या ‘काई’चं मेंबर असलात तर त्यांच्या रिफ्यूजिओत सूट मिळते, आणि मेंबरशिपमध्ये डोंगरातल्या रेस्क्यूचा इन्शुरन्स पण येतो, इथे राहणाऱ्या मंडळींनी ती घ्यावीच.

जेवणात पोलेंता. मक्याच्या पिठाचं, दिसायला घट्ट पिठल्यासारखं, पण फोडणी नाही, मिरची नाही, म्हणून पहिल्या घासाला आपला माणूस नाराज होतो. चीज आणि लोणी घोटलेली तारान्या पोलेंता मागवा, ती भारी लागते. पित्झोक्केरी मिळाली तर सोडू नका, कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, कोबी, बटाटा, चीज. कडक शाकाहारी असाल तर इथल्या बऱ्याच चीजमध्ये दूध फाडायला जनावराचं रेनेट घातलेलं असतं हे लक्षात ठेवा, आणि सूपमध्ये मांस आहे का विचारा, ‘सेन्झा कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय. मी अजूनही डब्यात मेथीचे थेपले आणि लसणाची चटणी नेतो. एकदा रोसाल्बाच्या बाकावर एका काकांना थेपला दिला, त्यांनी बदल्यात तालेज्जो चीज दिलं, थेपल्यावर तालेज्जो, करून बघा.

सामान काय? भाड्याने मिळतं?

घोट्याच्या वर येणारे, पकडवाले बूट. हेल्मेट, साखळ्यांच्या सगळ्या वाटांवर, अगदी चेर्मेनातीलाही गर्दीच्या दिवशी. फेरातासाठी हार्नेस आणि किट, आणि किट घरी रोपच्या तुकड्यांनी बनवू नका, झटका शोषणारा भाग नसेल तर पडल्यावर कॅराबिनरसुद्धा तुटू शकतो. लेक्कोत दुकानांमध्ये भाड्याने मिळतं.

एक मजा सांगतो. पुण्या-मुंबईच्या क्लबच्या पेटीत कॅम्प आणि काँग लिहिलेले कॅराबिनर असतात ना, ते दोन्ही इथलेच. कॅम्प १८८९ पासून प्रेमानामधलं, ग्रिन्याच्या मागे व्हाल्सासिना खोऱ्याच्या वरच्या टोकाला, हे गाव चाकू-कात्र्यांसाठी प्रसिद्ध. काँग लेक्कोजवळच्या मोन्ते मारेन्झोचं. मी नागफणीवर पहिल्यांदा ज्या कॅराबिनरवर लटकलो तो ह्या डोंगराच्या पायथ्याशी बनला होता, हे मला इथे आल्यावर कळलं.

कॅसिन कॅसिन सगळे म्हणतात, कोण हा?

रिक्कार्दो कॅसिन. १९०९ चा जन्म, ईशान्य इटलीतला, सतराव्या वर्षी कामासाठी लेक्कोला आला, लोखंडाच्या कामात. आधी बॉक्सिंग करायचा, मग ग्रिन्याच्या सुळक्यांचा नाद लागला. १९३३ मध्ये डोलोमाइट्सचा उस्ताद एमिलियो कोमिची इथे आला आणि त्याने ह्या कामगार पोरांना रोपची नवी तंत्रं दाखवली. पोरांकडे पैसे नव्हते, हात मात्र लोखंड वाकवणारे. पुढे कॅसिनने काय काय चढलं बघा, आल्प्समध्ये १९३५ ला चिमा ओव्हेस्तची उत्तर भिंत, १९३७ ला पित्झ बादिले, १९३८ ला ग्रांद जोरासची वॉकर सोंड, आणि १९६१ ला बावन्नाव्या वर्षी अलास्कात देनालीची दक्षिण बाजू, जिला आज कॅसिन रिज म्हणतात. पित्झ बादिलेवर मोलतेनी आणि व्हाल्सेक्की हे कोमोचे दोघे आधीपासून भिंतीवर होते, वाटेत सगळे एकत्र झाले, आणि ते दोघे शेवटी थकव्याने आणि थंडीने गेले, हे लेक्कोतले म्हातारे आजही हळू आवाजात सांगतात.

कॅसिन शंभर वर्षं जगला आणि २००९ मध्ये पियानी रेझिनेल्लीलाच गेला. १९४६ पासून इथे ‘रान्यी दी लेक्को’ म्हणजे लेक्कोचे कोळी नावाचा ग्रुप आहे, लाल स्वेटरवाले, त्यांच्यातल्या कासिमिरो फेरारीच्या टीमने १९७४ ला पाटागोनियात सेर्रो तोर्रेची पश्चिम बाजू चढली. लाल स्वेटरवाला माणूस कुठे दिसला तर त्याला वाट द्या.

रेसेगोने आणि फेराता?

लेक्कोच्या मागे करवतीच्या दातांसारखा जो डोंगर दिसतो तो रेसेगोने, १८७५ मीटर, नावच करवतीवरून. पियानी देर्नापर्यंत केबल कार आहे. गाम्मा उनो फेराता पित्झो देर्नावर निघते, लांब आहे, हात भरून येतात. गाम्मा दुए त्याच्या वरची, रेसेगोनेच्या दातावर, आणि ती पहिली फेराता म्हणून अजिबात नाही.

गाइड लागतोच का?

चेर्मेनाती, ग्रिन्योने उन्हाळ्यात: नाही. सेगांतिनी किंवा हिवाळा, आणि ग्रुपमध्ये जाणकार नाही: हो, परवाना असलेला.

टेंट लावता येईल?

नाही लावायचा. रिफ्यूजिओ आहेत, तिकडे राहा.

काही झालं तर?

११२. ‘वेअर आर यू’ नावाचं अॅप आधीच टाकून ठेवा, फोन लावला की तुमची जागा थेट कंट्रोल रूमला जाते, भाषेची अर्धी अडचण मिटते. हेलिकॉप्टर आलं तर दोन्ही हात वर, वाय सारखे, म्हणजे हो, मदत हवीये. एक हात वर एक खाली म्हणजे नको. आपल्याकडे टाटा करतात तसा एक हात हलवू नका, वरचे गोंधळतात. नुसतं दमलो, घाबरलो म्हणून बोलावलं आणि वैद्यकीय गरज नव्हती तर लोंबार्दियात खर्चाचा वाटा मागू शकतात. तरी खरोखर अडकलात तर पैशाचा विचार न करता फोन करा, अंधार पडेपर्यंत थांबून नाही.

आईबाबा सोबत आहेत, त्यांना डोंगर नको. त्यांचं काय?

रेझिनेल्लीतच पार्को व्हालेंतिनो आहे, बीचच्या झाडांतून सपाट वाट, आणि शेवटी लेकच्या वर हवेत काढलेला एक सज्जा. माझ्या आईला तिथे नेलं तर ती दहा मिनिटं गप्प होती, जे घरी होत नाही. नाहीतर खाली ट्रेनने वारेन्नाला सोडा, बोटीत बसतील. मांदेल्लोला मोटो गुझी मोटरसायकलींचा कारखाना आहे, बाबा जुने बुलेटवाले असतील तर तिकडे न्या, संध्याकाळपर्यंत तुमची आठवण येणार नाही.

एकच दिवस आहे आणि पाऊस लागलाय, तरी जाऊ का?

नाही. लेकच्या काठाने सेंतिएरो देल व्हियांदांते ही जुनी पायवाट आहे, आब्बादियापासून उत्तरेला जाते, मध्ये मध्ये रेल्वे स्टेशनं आहेत, भिजलात की ट्रेन पकडा.

तू येशील का आमच्यासोबत?

रविवार सोडून कुठल्याही दिवशी. सकाळी सहाला लेक्को स्टेशनच्या बाहेर, माणशी दोन लिटर पाणी भरलेलं पाहिजे, बाटल्या मी मोजणार. आणि येताना चितळ्यांची बाकरवडी.